‘सर्व्हर डाऊन’ की टेबलाखालची वायर?

संपादक महोदय,

मागच्या सोमवारी हिचे रक्ताचे रिपोर्ट आणायला शहरातल्या एका रुग्णालयात गेलो होतो. आठही खिडक्यांवर पाठकोरे कागद चिकटवलेले: ‘सर्व्हर डाऊन आहे’. रांग पार जिन्यापर्यंत. फोर्टात आणि अंधेरीत तीस वर्षं लॅनच्या (कार्यालयातल्या संगणकांच्या जाळ्याच्या) वायरी ओढल्यामुळे माझी नजर आधी टेबलाखाली जाते. एका खिडकीमागे, आठ पोर्टच्या (वायर खोचायच्या आठ भोकांच्या) स्विचचे, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचे, सगळे दिवे एका ठेक्यात पिसाटल्यासारखे लुकलुकत होते आणि एका पिवळ्या वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्यात होती. लोंबती दिसली म्हणून कुणी भल्या मनाने खोचली असणार. ‘ताई, त्यातलं एक टोक काढा,’ म्हटलं. ‘काका, आयटीवाले येतायत.’ ते तासाभराने आले, तेच टोक काढलं आणि सर्व्हर बसल्या जागी बरा झाला.

इंटरनेटच्या पॅकेटवर (माहितीच्या गठ्ठ्यावर) एक आकडा असतो; तो दर टप्प्याला एकेकाने कमी होत संपला की पॅकेट मरतं. लॅनच्या वायरींवरून जाणाऱ्या इथरनेटच्या गठ्ठ्याला, म्हणजे फ्रेमला, असं मरण नाही. त्या पिवळ्या वायरीसारखी गोल वाट मिळाली की ती फिरतच राहते, आणि सगळ्यांना उद्देशून असेल तर तिच्या प्रती वाढत जाऊन सगळं जाळं तुंबतं. यावर राडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना उतारा काढला: स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत एक मुकादम निवडतात, त्याच्याकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट उघडी ठेवतात आणि जादा वाटा स्वतःच बंद करतात. वायर जागेवरच असते, नुसती राखीव. (प्राधान्य कुणी ठरवून दिलं नाही, तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (कारखान्यात मिळालेल्या क्रमांकाचा) स्विच मुकादम होतो. बऱ्याचदा तो अडगळीतला जुना डबा निघतो!)

मुकादमाचा निरोप दर २ सेकंदांनी येतो. जुन्या पद्धतीत तो २० सेकंद आला नाही की राखीव वाट जागी होते, पण १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ शिकण्यात जातात. २००१च्या रॅपिड पद्धतीत शेजारचे स्विच एकमेकांना विचारून बहुतेक वेळा सेकंदभरात वाट उघडतात. तरी जुनीच पद्धत चालू ठेवलेली मी कितीदा पाहिली. त्याहून वाईट म्हणजे, सकाळी पीसीला नेटवर्क मिळायला अर्धा मिनिट लागतो म्हणून स्पॅनिंग ट्रीच बंद करणारे. ढेकूण चावला म्हणून घर पेटवायचं! पीसीच्या पोर्टापुरता पोर्टफास्ट (हे ऐकणं-शिकणं टाळणारी सोय) लावला की ती तक्रार मिटते.

टेबलाखालच्या स्वस्त डब्यांना यातलं काही कळत नाही. त्यांच्यात गोल वाट झाली की मुख्य स्विचचा निरोप बऱ्याचदा फिरून त्यालाच परत येतो. म्हणून मुख्य स्विचच्या खिडक्यांकडे जाणाऱ्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड हवा (बीपीडीयू म्हणजे हाच निरोप): तिथून असा निरोप आला की तेवढाच पोर्ट बंद. रुग्णालयांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या निविदेत ही एक ओळ घाला. सोमवारी ती असती तर एक खिडकी बंद राहिली असती, उरलेल्या सात चालू.

– एक निवृत्त लॅन टेक्निशियन, लालबाग, मुंबई