मासे बंद करू नका, निवड बदला

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

माशांत पारा असतो हे वाचून आता घरी मासे आणणेच थांबवावे का, असे बाबांनी विचारले होते. माझे मत असे की मुळीच थांबवू नये. मात्र वहिनीला सहावा महिना लागला आहे, तेव्हा कोणता मासा येतो याकडे काटेकोरपणे पाहावे.

समुद्रात गेलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजंतू मिथाइल पारा करतात. तो लहान माशांत शिरतो, त्यांना खाणाऱ्या मोठ्यांत साठतो, आणि मासा जितका मोठा, जुना व शिकारी, तितका साठा अधिक. आई, हळद-मीठ लावून, आगळात मुरवून किंवा खरपूस तळून तो निघत नाही, कारण तो मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेला असतो. आईच्या रक्तातून तो वारेवाटे बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये या पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, आणि स्वतःला फारसा त्रास न झालेल्या मातांच्या पोटी तिथे बाधित मुले जन्मली. ते कारखान्याच्या सांडपाण्याचे फार भीषण प्रकरण होते, आपल्या ताटातल्या मासळीशी त्याची बरोबरी नाही. पण गर्भ किती नाजूक असतो हे त्यातून जगाला कळले.

म्हणून मोरी (शार्क मासा) आणि ताट व्यापणाऱ्या रुंद तुकड्यांची थोराड सुरमई बाळंतपण होऊन बाळ अंगावर पिते आहे तोवर वहिनीच्या पानात नको. बांगडा, पेडवे, मांदेली, कोळंबी, पापलेट हे खुशाल आणावे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनसुद्धा गर्भवतींना कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खायला सांगते, कारण त्यातील ओमेगा-३ बाळाच्या मेंदूला हवेच असते.

बाबा, खेकड्याच्या कवचाखालचा पिवळसर मऊ भाग तुम्ही आवडीने खाता, पण कॅडमियम हा विषारी धातू मुख्यतः तिथेच साठतो आणि माणसाच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षे राहतो. तुमचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला निर्देशक) वाढलेले असताना नांग्यांतले पांढरे मांसच खावे, असा माझा आग्रह आहे.

वडोदऱ्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कालव्याने मही नदीच्या मुखाकडे जाते, त्यामुळे मासळी कुठली, हे विक्रेत्याला विचारण्यात संकोच करू नये. त्याच्याकडे तपासणीचा कागद नसतो. म्हणून कापलेल्या तुकड्या न घेता आख्खा मासा पाहून घ्यावा, म्हणजे आकार तरी कळतो. वहिनी कोणते मासे किती वेळा खाते, हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना अवश्य सांगावे.

तुमची,
मंजू