पर्यटनमंत्री साहेब, गेटच्या आत काय आहे ते आम्हाला आधी दाखवा

माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिकची. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. मे महिन्यात त्याला मुंबई दाखवायची म्हणून आम्ही महिनाभर तयारी करत होतो. आमच्याकडे तयारी म्हणजे फोटोंची पट्टी. पंचवटी एक्सप्रेस, मग सीएसएमटी, मग टॅक्सी, मग गेटवे, असे फोटो ओळीने चिकटवायचे आणि रोज रात्री त्याचं बोट धरून एकेका फोटोवर ठेवायचं, म्हणजे कशानंतर काय ते त्याला कळतं आणि कळलं की त्याची भीती निम्मी होते.

सीएसएमटीला तो इंडिकेटरसमोर पंधरा मिनिटं उभा राहिला, आकडे बदलले की दोन्ही हात फडफडवायचा, खूश झाला की तसंच करतो तो. गडबड पुढे झाली, एका ठिकाणी, नाव लिहीत नाही. मला सापडलेल्या फोटोत मोकळं गेट होतं, तिथे गेलो तर लोखंडी कठड्यांमधली वळणावळणाची रांग, वॉचमनच्या शिट्ट्या, आणि टॉयलेटमध्ये हँड ड्रायर एकदम सुरू झाला. कानावर हेडफोन होते तरी तो ओल्या फरशीवर बसला, कान दाबून, चाळीस मिनिटं. मी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र दाखवलं, पाच मिनिटं कुठेतरी शांत बसू द्या म्हटलं, तर तिथले कर्मचारी म्हणाले, "दिसायला तर चांगलाय की." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, आणि कलम २९ मध्ये करमणुकीत बरोबरीने भाग घ्यायचा हक्कही आहे. रॅम्प हवेतच, पण आमच्या लेकरांना अडवतो तो आवाज, गर्दी आणि पुढे काय आहे ते माहीत नसणं. मला तिकिटात सवलत नकोय. प्रत्येक ठिकाणाचे आतले खरे फोटो मराठीत माहितीसकट टाका: तिकीट खिडकी, रांग, टॉयलेट, गर्दी कधी कमी असते. घारापुरीचंच घ्या, सोमवारी बंद असतं एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण लाँच तासभर चालते, इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा वास असतो, मधे उतरता येत नाही, हे आम्हाला आधी कळायला हवं ना. आणि एक आडोशाचा बाक, एवढंच. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलाचं चित्र असलेल्या, गळ्यात घालायच्या पट्ट्या सुरू झाल्या, तशी पट्टी दिसली की स्टाफला कळतं की न दिसणारं अपंगत्व आहे, सगळ्यांसमोर समजावत बसावं लागत नाही. तसं काही आपल्याकडच्या गेटवरच्या माणसांना शिकवता येईल.

राणीबाग महापालिकेची, घारापुरी पुरातत्त्व खात्याची, हे माहितीये मला. पण आमची ट्रिप एकच असते साहेब, सगळ्यांना एकत्र बसवणारं कुणीतरी लागेल आणि ते तुम्हीच करू शकता.

दिवाळीच्या सुट्टीत परत यायचंय, राणीबागेत पेंग्विन बघायला. त्याने पेंग्विनचा फोटो पट्टीच्या अगदी शेवटी स्वतःच चिकटवलाय. टॅक्सी आणि पेंग्विन यांच्यामधली जागा मी रिकामी ठेवलीये, तिथे लावायला माझ्याकडे फोटोच नाहीत.

आपली,
एक आई, नाशिक