मध्यवर्ती स्टँडवरच्या रिक्षावाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. पण काचेवर वस्तादांचा फोटो लावलेली रिक्षा म्हटल्यावर कुणी ना कुणी ओळखेलच आणि हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल.

आम्ही मायलेकी वर्ध्याच्या, कोल्हापूर पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या हातात यादी होती: अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, न्यू पॅलेस, रंकाळा, चप्पल, मिसळ. रात्री परतीची गाडी. तुम्ही यादी वाचली, मग आईच्या गुडघ्यांकडं बघितलं आणि म्हणालात, "ताई, जोतिबा आन् पन्हाळा आज काढून टाका. पळत बघायचा गड न्हाई त्यो." गिऱ्हाईक लांबच्या भाड्याला तयार असताना नको म्हणणारा रिक्षावाला मी तरी पाहिला नव्हता. आभार मानायचे ते आधी याचे.

देवळात गर्दी व्हायच्या आत तुम्ही आम्हाला पोचवलंत. दर्शन झाल्यावर महाद्वारापाशी थांबून मागं वळून बघा, असं बजावलं होतंत. देवी पश्चिमेकडं तोंड करून उभी. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचं ऊन या दारातून आत शिरतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. किरणोत्सव पेपरात वाचला होता. तिथं उभं राहिल्यावर त्या दगडी वाटेची लांबी कळली, आणि आईनं तिथूनच पुन्हा हात जोडले.

मिसळीबद्दल काही लिहीत नाही. विदर्भातल्या माणसाला तिखटाचं कौतुक सांगू नये.

खासबागेत तुम्ही रिक्षा बंद करून आमच्याबरोबर आत आलात. शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, तेव्हा रोमचा आखाडा बघून आले आणि हे मैदान बांधलं, कुठूनही बसा, कुस्ती दिसणारच, हे तुम्ही पायऱ्यांवर उभं राहून दाखवलंत. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाशी मात्र तुमचा आवाज बसला. 1915 चं थिएटर, 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत गेलं, तेही गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. "आमच्या घरातलंच कायतरी जळलं बगा," एवढंच बोललात.

दसरा चौक तर माझ्या यादीत नव्हताच. मी शाळेत इतिहास शिकवते. 26 जुलै 1902, शाहू महाराजांचा हुकूम, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा, हे फळ्यावर दरवर्षी लिहिते. महाराज विलायतेत असतानाच तो हुकूम निघाला, म्हणजे आखाडा आणि आरक्षण एकाच प्रवासातलं, हे मात्र माझ्या डोक्यात कधी जुळलं नव्हतं. ते तुम्ही हँडलवर हात ठेवून सहज जुळवून दिलंत. वर चौकातली महाराजांच्या काळातली मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग बोटानं दाखवत म्हणालात, "पोरं शिकायची तर आधी त्यांच्या जेवणाचं बगाय लागतंय." पुढचा धडा मी बोर्डिंगांपासून सुरू करणार आहे.

दुपारच्या उन्हात न्यू पॅलेस उरकला. काळ्या दगडाचा, घड्याळाच्या मनोऱ्याचा. सुंदरच आहे, पण तोवर माझं मन चौकातच अडकलं होतं. चप्पल ओळीत तुम्ही दुकानदाराशी भाव केला नाहीत, फक्त मला घट्ट जोड घ्यायला लावलात. "चामडं पायाला लागलं की सैल हुतंय, पण पाण्यात घालू नका." आता बरोबर बसलीय.

आणि गंगावेशीतला दूध कट्टा! म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळता ग्लास थेट हातात. चहाशिवाय दूध न पिणाऱ्या माझ्या आईनं तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

थांबल्याचे पैसे तुम्ही ठरले तेवढे चोख मोजून घेतलेत, तेही बरं वाटलं. फुकटच्या उपकाराचं आईला ओझं होतं.

आता तिचा निरोप. जोतिबा राहिलाय, ती चैत्र यात्रेची गर्दी ओसरल्यावर यायचं म्हणतेय. रिक्षा डोंगर चढते का, की एसटी बरी, तेवढं कळवा.

तुमची,
वर्ध्याची ताई