बशीतल्या सात बिया

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या हातातला फोन तिरका झाला आणि तुमच्या चेहऱ्याऐवजी मला बशी दिसली. तीत खजुराच्या सात बिया होत्या. तेव्हाच बोलणार होते, पण तुम्ही ‘नैसर्गिक साखर आहे गं’ म्हणून विषय मिटवला असता. म्हणून हे पत्र.

एका मोठ्या गरदार खजुरात साधारण 16 ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे चार चमचे. सात बियांचे झाले अठ्ठावीस! आणि चहात अर्धा चमचा चुकून पडला तर आईवर डाफरता तुम्ही.

खजुराने साखर एकदम उसळत नाही, हा तुमचा मुद्दा खरा आहे. त्यातल्या तंतूंमुळे ती जरा दमाने चढते. पण दमाने चढली तरी चढतेच ना? दोनच खा, तेही नुसते नकोत, चार बदामांसोबत. आणि जेवण झाल्यावर वर आणखी म्हणून नाही. तोंड नीट खळखळून धुवा, कवळीखाली तो चिकटा तासन्‌तास बसतो.

दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात जास्त घोळते आहे. शंभर ग्रॅम खजुरात, म्हणजे चारेक मोठ्या खजुरांत, जवळजवळ 700 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मूत्रपिंडं धडधाकट असली की जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला तो आकडा, मागच्या खेपेला वाढलेलं होतं, आणि तुमची ती रक्तदाबाची गोळी, टेल्मिसार्टन, शरीरात पोटॅशियम धरून ठेवू शकते. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना सात बियांचं खरं सांगा. दोन तरी चालतील का, हे तेच ठरवतील.

आई, तू हसू नकोस, आता तुझी पाळी. खजुराने रक्त वाढतं म्हणून तू लोहाची गोळी बंद केलीस, हे मला बाबांकडून कळलं. अगं, शंभर ग्रॅम खजुरात लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम, तुझ्या गोळीत 60. गोळीने पोट जड होतं हे मान्य, पण मग डॉक्टरांकडून गोळी बदलून घे, परस्पर सोडू नकोस. आणि ती चहाबरोबर तर मुळीच नको. खजुराचा तुला खरा उपयोग सकाळी पोट साफ व्हायला आहे, पण वर पाणी भरपूर प्यायला हवं, नाहीतर तंतूंचा काय उपयोग?

खाताना खजूर बोटांनी उघडून आत बघा. बी तर काढायचीच, पण कधीकधी आत कीडही असते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत हे काम तुझं.

आणि बाबांना न सांगता एक कर. रोज रात्री बशी घासायला टाकण्यापूर्वी फोटो पाठव, बियांसकट.

तुमची,
चिमी