कंटाळा नेमका कुठे सुरू होतो

प्रिय लेकी,

अभ्यासात मन लागत नाही, शिकून काय होणार, असं तू लिहिलंस. याला मी आळस म्हणणार नाही. समजणं जिथे थांबतं तिथे कंटाळा सुरू होतो, आणि ती जागा बहुतेक वेळा चालू धड्याच्या बरीच मागे असते.

बीजगणित नकोसं वाटतं ना? मग आधी २/३ + १/४ करून बघ. पुष्कळ मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून ३/७ लिहितात. पण २/३ म्हणजे अर्ध्याहून जास्त आणि ३/७ म्हणजे अर्ध्याहून कमी. बेरीज केल्यावर संख्या लहान कशी झाली? तुकडे सारख्या आकाराचे नसताना ते मोजले, म्हणून. छेद १२ केला की ८ आणि ३ तुकडे होतात, उत्तर ११/१२. हे ज्याला कळलं नाही, त्याला पुढे छेदात क्ष आला की नुसती रीत पाठ करावी लागते. अशा पाठ केलेल्या रीती वाढल्या की एकमेकींत गुंततात, आणि मग मुलं म्हणतात, गणित माझा विषयच नाही. म्हणून न जमलेलं एक उदाहरण घे आणि प्रत्येक पायरीला ‘हे का?’ असं विचार. उत्तर देता येणार नाही, तिथपासून मागच्या इयत्तेचं पुस्तक उघड. त्यात कमीपणा काहीच नाही.

शिकायचं कशासाठी, याचं माझं उत्तरही याच उदाहरणात आहे. ३/७ चुकीचं आहे हे उत्तरसूची न पाहता, कुणाला न विचारता तुला ओळखता यावं, यासाठी. तयार उत्तरं आता क्षणात मिळतात. समोर आलेलं उत्तर खरं असू शकतं का, हे मात्र ज्याचं त्यालाच पारखावं लागतं.

गुण लागतात, प्रवेश त्यांच्यावरच होतात. पण गुण हेच कारण झालं की आवड आटते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चित्रांची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही.

आता अभ्यासाची रीत. धडा तीनदा वाचला, ओळी रंगवल्या, की सगळं येतंय असं वाटतं. पण ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तीनदा न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के. तेव्हा तीन-चार पानं वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिही आणि मग सुटलेलं वेगळ्या शाईनं भर. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. दुसऱ्या दिवशी कागद निम्मा रिकामा राहील. बहुतेक जण तिथेच सोडतात, कारण वाचताना असं हरल्यासारखं वाटत नाही. तू सोडू नकोस. आठवण्याची ती धडपडच धडा पक्का करते.

झोप मोडून हे करू नकोस, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

या आठवड्यात एकच विषय घे. कुठल्या पायरीवर अडलीस तेवढं मला लिही. गुणांबद्दल नंतर बोलू.

तुझी आई