स्कायला जायचं ते गाडीतच राहून

ग्लासगो

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईने पहिल्याच वाक्याला "आणि आंघोळीचं काय?" म्हणून विचारलं असतं आणि बाबांनी फोन दादाच्या हातात दिला असता. म्हणून लिहूनच पाठवते. सगळं वाचून झाल्याशिवाय मत देऊ नका.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आपण स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर जातोय, पण हॉटेलात उतरणार नाही. मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, भाड्याने घेतली आहे आणि पैसेही भरून झालेत. आधी विचारलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी एकमेकांसाठी नको म्हटलं असतं, हेही मला ठाऊक आहे.

पाटणकर काकांसारखी बसची सहल का नाही, ते आधी सांगते. बस थांबेल तिथेच स्वच्छतागृह आणि तीही वीस मिनिटं. आईने चहा प्यायचा, रांगेत उभं राहायचं की गुडघा मोकळा करायचा? हॉटेलात राहून कारने फिरलो तर दुसरी अडचण. बाबा डोंगरावर गेले की आई कारमध्ये अडकणार, ती अडकली आहे म्हणून बाबा अर्ध्यातून परत येणार आणि मग दोघंही "काही विशेष नव्हतं" म्हणणार. मोटरहोम डोंगराच्या पायथ्याशीच उभी राहते. आई, तुझा पलंग, तुझा गॅस, तुझं स्वच्छतागृह तिथेच. खिडकीतून डोंगर दिसतो. बाबांना दोन तास लागोत नाहीतर चार, कुणी पावसात ताटकळत बसायला नको. एवढ्या एका कारणासाठी हे सगळं केलंय.

आता आईचे प्रश्न. गाडी सात मीटर लांब आहे. मागचा पक्का दुहेरी पलंग तुमचा. त्याला दोन पायऱ्या आहेत, त्यांना धरायला दांडा आहे का ते मी पाहून ठेवते. मी आणि मंदार पुढे, बसायच्या जागेवर छतातून खाली येणाऱ्या पलंगावर झोपू. रात्री स्वच्छतागृह तुमच्या पलंगापासून तीन पावलांवर. त्याची टाकी साधारण अठरा लिटरची, चौघांत रोज रिकामी करावी लागते. ते काम मंदारचं, तुम्ही तिकडे बघायचंही नाही. फक्त त्यात साधा कागद टाकू नका. पटकन विरघळणारा कागद मिळतो, तो मी आणलाय. मगही ठेवलाय, काळजी नको.

आंघोळ गाडीतही होते, पण गरम पाण्याची टाकी दहा लिटरची. थंड पाणी मिसळलं तरी जेमतेम दीड बादली. म्हणून आंघोळी कॅम्पसाइटच्या स्नानगृहात करायच्या, तिथे भरपूर गरम पाणी असतं. तुला लागतातच म्हणून प्लास्टिकची बादली आणि तांब्या घेतलाय. आणि रस्त्याच्या कडेला कुठेही रात्र काढायची नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने माळरानावर तंबू ठोकायची मुभा आहे, पण ती मोटारगाड्यांना लागू नाही. पोर्ट्री, स्टॅफिन आणि ग्लेनब्रिटल या तिन्ही ठिकाणी रीतसर जागा घेतली आहे.

स्वयंपाकाला तीन बर्नरचा गॅस आहे आणि तीन लिटरचा कुकर त्यावर नीट बसतो. कॅम्पसाइटवर वीजही मिळते, पण बऱ्याच ठिकाणी १० अँपिअरचीच, म्हणजे सगळं मिळून २३०० वॅट. हीटर चालू असताना विजेची किटली लावली की खटका पडतो आणि कुठे पडला ते पावसात शोधत बसावं लागतं. चहा गॅसवरच करायचा. फोडणी टाकण्याआधी छताची खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा गजर वाजतो. थंडी असली तरी ती खिडकी पूर्ण बंद करायची नाही, कारण बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याचा वेगळा गजर गाडीत आहे. तो वाजला तर काहीही न शोधता आधी बाहेर पडायचं.

आई, एक सांगायचंय, रागावू नकोस. गाडीत निरंजन नको आणि उदबत्तीही नको. तुझे देव जरूर आण, खिडकीजवळ त्यांच्यासाठी फळी मोकळी ठेवते. फुलं वाहा, स्तोत्र म्हण. दिवा आपण निघायच्या आदल्या संध्याकाळी ग्लासगोच्या घरी लावू आणि परत आल्यावर पुन्हा लावू.

सामानाचंही ऐकावं लागेल. मंदारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. गाडीचं स्वतःचं वजन, चार माणसं आणि गॅस धरला की उरतं फार थोडं. पाण्याची १०० लिटरची टाकी पूर्ण भरली तर तिचेच १०० किलो, म्हणून प्रवासात ती अर्धीच ठेवायची आणि मुक्कामाला भरायची. मोठ्या सुटकेसी आमच्याकडे राहतील. दोघांना एकेक मऊ बॅग, घडी करून कपाटात कोंबता येईल अशी. साताऱ्याहून येताना कंदी पेढे आणि साजूक तूप आणू नका. भारतातून दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, गोडा मसाला आणि थालिपीठाची भाजणी मात्र नक्की आण. भाजणी जास्तच आण.

रस्त्याची धास्ती बाबांना नाही, आईला आहे. इथेही गाडी डावीकडूनच चालते. ग्लासगोहून पोर्ट्री साधारण साडेतीनशे किलोमीटर, पण एका दिवसात जायचं नाही. लॉख लोमंड या तळ्याच्या वरच्या टोकाला रस्ता अरुंद आहे, तिथे मोठ्या गाडीला वेळ लागतो. पहिली रात्र ग्लेन नेव्हिसला. बेटावर जायला पूल आहे आणि त्याचा टोल २००४ मध्येच बंद झाला. पोर्ट्रीपर्यंत रस्ता दुपदरी. त्याच्या उत्तरेला आणि ग्लेनब्रिटलकडे बराचसा एकपदरी आहे, मध्ये मध्ये गाड्यांना बाजू द्यायला जागा. ती जागा डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यातच थांबायचं म्हणजे समोरचा आत वळून जातो. मागे गाड्या साचल्या तर त्यांनाही पुढे जाऊ द्यायचं. फोटोसाठी त्या जागेत गाडी लावायची नाही, बाबा, कितीही सुंदर दिसलं तरी. आई पुढच्या सीटवर बसेल, मागे बसलीस की तुला मळमळतं. आणि गाडी चालू असताना कुणीही उठायचं नाही, पाणी घ्यायलासुद्धा.

दार उघडताना हँडल घट्ट धरा. किनाऱ्यावर वारा असा येतो की दार हातातून सुटतं आणि बिजागरी वाकते. म्हणूनच मुक्कामाला आम्ही गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावतो.

बाबा, आता तुमचं.

स्कायच्या उत्तरेचा ट्रॉटर्निशचा कडा तुम्हाला बघताक्षणी ओळखीचा वाटेल. तोही बेसॉल्टच, थरावर थर साचलेला. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथला सुमारे ६ कोटी. फरक असा की इथे या जड लाव्हाखाली ज्युरासिक काळातले ठिसूळ थर आहेत. ते वजन त्यांना पेललं नाही आणि कड्याचा कडा घसरत खाली आला. क्विरांगचे सुळके म्हणजे ती घसरण, आणि ती अजून थांबलेली नाही. फ्लॉडिगॅरीजवळचा रस्ता त्यामुळे पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. त्याच ज्युरासिक थरात स्टॅफिनच्या किनाऱ्यावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत. ओहोटीला दिसतात, कधी कधी वाळूखाली झाकलेले असतात. किनाऱ्यावर आईलाही येता येईल, पण शेवाळलेल्या खडकावर काठीशिवाय नाही.

पहिला डोंगर ओल्ड मॅन ऑफ स्टॉर. येऊन-जाऊन चार किलोमीटर, चढण २९० मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण अजिंक्यतारा. वाट दगडांनी बांधलेली आहे. तो सुळका जवळजवळ पन्नास मीटरचा. डॉन विलन्स या गिर्यारोहकाने १९५५ साली तो पहिल्यांदा सर केला. आपण त्याच्या पायथ्यापर्यंत जायचं. त्याच्या वर स्टॉरचं ७१९ मीटरचं शिखर आहे, आणि तुम्ही म्हणणार, कळसूबाई १६४६ आहे, हे काय! पण बाबा, हे ५७ अक्षांशावर आहे. मेमध्येही वर पाच-सहा अंश असतं, त्यात पाऊस आणि सतत वारा. भिजलेल्या माणसाला वारा लागला की अंगातली ऊब भराभर जाते, हात आखडतात आणि मग झिपही लागत नाही. म्हणून सुती बनियन आणि जीन्स अजिबात नको. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही. आत लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट-पँट. ते मी इथे घेऊन ठेवते, तिथे खर्च करू नका.

क्विरांगला उइगच्या बाजूने गाडी चढवायची. स्टॅफिनकडून वळणं फार तीव्र आहेत. वरची जागा लवकर भरते, म्हणून सकाळी नऊच्या आत पोहोचायचं. पूर्ण फेरी सात किलोमीटरच्या जरा आत, पण तिचा कड्यावरचा भाग गवताचा, ओला असला की घसरडा. आपण खालच्या वाटेने सुळक्यांपर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. सुरुवातीला एका ओढ्याच्या घळीत खडकाची एक पायरी आहे, तिथे हात टेकावे लागतात आणि उजवीकडे उतार सरळ खाली जातो. ओल्या काळ्या बेसॉल्टवर पाय कसा निसटतो ते तुम्हाला मी काय सांगणार.

आणि कूलिन, स्कायचे ते काळे डोंगर. तुम्ही त्याचे नकाशे काढून ठेवलेत, हे दादाने सांगितलंय. बाबा, कूलिनच्या धारेवर आपण जाणार नाही. तिथला गॅब्रो नावाचा खडबडीत खडक बुटाला छान धरतो, पण त्यात मध्ये मध्ये बेसॉल्टच्या पट्ट्या आहेत आणि त्या ओल्या असल्या की पाय टिकत नाही. खडकातल्या लोहामुळे होकायंत्र चुकीचं दाखवतं, ढग उतरले तर नकाशा असूनही उपयोग नसतो. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. तुमच्यात दम नाही असं मी म्हणत नाही. वासोट्याच्या उतारावर माझ्या पुढे पाठमोरे उभे राहून "टाच रोव, मनू, पुढे मी आहे" म्हणायचात, त्या खांद्यांवर माझा अजून तेवढाच विश्वास आहे. या वेळी पुढे मी राहीन, एवढंच.

कूलिन मात्र जवळून दाखवणार आहे, आणि आईसकट. एल्गॉलहून नाव निघते ती लॉख कोरुस्क या तळ्याच्या तोंडाशी, काळ्या डोंगरांच्या कुशीत नेते. वाटेत खडकांवर सील पहुडलेले असतात. उतरताना नावेवरचे लोक हात देतात, तरी पायऱ्या नको वाटल्या तर आई नावेतूनच बघेल. एल्गॉलला धक्क्याकडे उतरणारा रस्ता भलताच उताराचा आहे, म्हणून गाडी वर ठेवून आपण सावकाश चालत जाऊ.

आई, तुझ्याकडे एक महत्त्वाचं काम. आम्ही निघताना कागदावर लिहून देऊ: कुठली वाट, किती वाजता परत. ग्लेनब्रिटलला फोनची रेंज धड नसते, त्यामुळे तो कागदच खरा. त्या वेळेनंतर तासभर वाट पाहायची, मग कॅम्पसाइटच्या ऑफिसातून ९९९ ला फोन. पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं. अशी वेळ येणार नाही, पण तुला ठाऊक असलेलं बरं. दवाखान्याची चिंता नको, ब्रॉडफर्डला हॉस्पिटल आहे. साध्या तक्रारीसाठी १११ नंबर आहे.

माशा-चिलटांचं विचारलं होतंस. मिज नावाची बारीक चिलटं जून ते ऑगस्ट फार असतात, म्हणूनच मे निवडला. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा असला की ती उडत नाहीत. पण गवतातल्या गोचिडी मेमध्येही असतात. पँट मोज्यात खोचायची आणि रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघायचं. सापडली तर ओढायची नाही, तेल लावायचं नाही. मला सांगायचं, माझ्याकडे ती काढायचा आकडा आहे. नंतर लाल वर्तुळ उठलं तर डॉक्टरांकडे जायचंच, लाइम आजार गोचिडीच्या चाव्यातूनच होतो.

आजपासून करायची कामं. बाबा, चार भिंती स्मारकापर्यंतचं चालणं सोडू नका, आठवड्यातून एकदा वर अजिंक्यताऱ्यापर्यंत जा आणि उतरताना घाई करू नका. बूट आत्ताच घ्या, अर्धा नंबर मोठे, जाड मोजे घालून दुकानात उतारावर उभे राहून बघा. अंगठा पुढे टेकला तर ते बूट नकोत. इथे आल्यावर नवे बूट घालायचे नाहीत. आई, तू काठ्या घेऊन रोज संध्याकाळी गच्चीवर चाल, लोक बघतात म्हणून लाजू नकोस. दोघांची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. प्रवासाचा विमा काढताना डोंगरात चालणार असल्याचं आणि जुने आजार सगळे लिहा. बाबा, सगळे.

परत येताना आर्माडेलहून बोटीने मॅलेगला उतरू आणि ग्लेनफिनन पुलावरून जाणारी वाफेची गाडी दिसते का बघू. ती आईसाठी. त्या बोटीला गाडीची नेमकी लांबी आधी सांगावी लागते, मंदारने मोजून कळवली आहे.

रविवारी फोन करते. तोवर मला दोन गोष्टी कळवा: आईला उशी एक लागते की दोन, आणि बाबांच्या जाकिटाचं छातीचं माप, स्वेटर घालून घेतलेलं. माप दादाला घ्यायला सांगा, अंदाजाने लिहू नका.

तुमची,
मनू