आईच्या एमआरआयच्या रिपोर्टाबद्दल

सांखळी

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला धड बोलता आलं नाही, आई पलीकडेच जागी होती. आज बांबोळीला डॉक्टरांसमोर बसून सगळं विचारून आलोय, ते लिहितो.

‘आधीच्या तुलनेत एन्हान्समेंट वाढलेलं’ या रिपोर्टातल्या ओळीवरून आईच्या मेंदूतली कॅन्सरची गाठ (ग्लायोब्लास्टोमा) परत आली असं तू धरून चालली आहेस. तसं अजून कोणीही म्हटलेलं नाही.

एमआरआय करताना शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्या एरवी ते बाहेर पाझरू देत नाहीत. जिथे त्यांची भिंत कमजोर झालेली असते तिथे ते पाझरतं आणि तेवढा भाग पांढरा दिसतो, त्यालाच एन्हान्समेंट म्हणतात. भिंत गाठीमुळे कमजोर होते, तशीच रेडिएशनमुळेही होते. आईला सहा आठवड्यांत रेडिएशनचे एकूण 60 ग्रे (ग्रे हे डोसचं माप) दिले, शिवाय रोज टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी. ते संपून जेमतेम महिना होतोय. या काळात पांढरा भाग वाढतो आणि पुढे उपचार न बदलताही कमी होतो, असं बऱ्याच रुग्णांत घडतं. डॉक्टर त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. म्हणून तर मेंदूतली गाठ वाढली की नाही हे ठरवायच्या 2010 च्या रॅनो निकषांत रेडिएशननंतरच्या पहिल्या 12 आठवड्यांसाठी वेगळा नियम आहे: पांढरा भाग मुख्यतः रेडिएशनच्या जागेबाहेर नव्याने दिसला, किंवा तुकडा काढून तपासल्यावर सिद्ध झालं, तरच गाठ वाढली म्हणायचं. आईची वाढ ऑपरेशनच्या पोकळीच्या कडेलाच आहे. बाहेर काहीही नाही.

तू बहुधा पहिलं पानच वाचलंस. दुसऱ्या पानावर परफ्यूजनबद्दल, म्हणजे त्या भागातल्या रक्तपुरवठ्याबद्दल लिहिलंय. जिवंत गाठ रक्त ओढून घेते, म्हणून तिथलं रक्ताचं प्रमाण सहसा वाढलेलं दिसतं. रेडिएशनने दुखावलेल्या जागी सहसा तसं नसतं. आईचं वाढलेलं नाही. गाठीच्या तपासणीत एमजीएमटी नावाचं जनुक मिथायलेटेड, म्हणजे बंद पडलेलं, आलं होतं ना? अशा रुग्णांत स्यूडोप्रोग्रेशन जास्त दिसतं, आणि ही गोळीही त्यांनाच जास्त लागू पडते. हे ऐकलं तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

आणखी एक, जे रिपोर्टात नाहीच. मधल्या काळात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा डोस कमी केलाय. स्टेरॉइडने सूज दबते आणि पांढरेपणाही कमी दिसतो. डोस उतरवला की दोन्ही वर येऊ शकतात. डॉक्टरांनी आधी तेच विचारलं. मी वहीत रोजचा डोस लिहून ठेवतो, ती दाखवली.

पण बाय, तुला अर्धंच सांगणार नाही. ग्लायोब्लास्टोमा परत येणारा आजार आहे, आणि या एका स्कॅनवरून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पुढचा एमआरआय दोन महिन्यांनी, शक्यतो त्याच मशीनवर. तोवर टेमोझोलोमाइड चालू राहील, दर 28 दिवसांत पाच दिवस. पुढच्या स्कॅनची तुलना आताच्या स्कॅनशी होईल. पांढरा भाग वाढतच गेला, तर पुन्हा ऑपरेशन की दुसरं औषध हे तेव्हा ठरेल. मध्येच डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, फिट आली किंवा उजव्या हाताची ताकद कमी झाली, तर दोन महिने थांबायचं नाही, लगेच जायचं.

आई कशी आहे, तेही डॉक्टरांच्या लेखी रिपोर्टाइतकंच महत्त्वाचं. त्यांनी तिला चालायला लावलं, बोटं घट्ट धरायला सांगितली, महिने उलटे म्हणून घेतले. सगळं नीट जमलं. घरी सकाळी कुळागरात एक फेरी मारते, नारळ खोवायला बसते. दुपारी फार थकते, तेव्हा झोपू देतो. तू फोन करशील तेव्हा रिपोर्टाचं तिला आडून विचारू नकोस. सरळ विचार, तिला सगळं सांगितलंय.

ऑपरेशननंतर 48 तासांच्या आत काढलेल्या पहिल्या एमआरआयची सीडी दुसऱ्या मतासाठी तू पुण्याला नेली होतीस. डॉक्टरांना ती हवी आहे. ऑपरेशनात गाठीचा काही भाग राहिला होता का, हे त्यात दिसतं, आणि कागदावरच्या रिपोर्टाने त्यांचं भागत नाही. चवथीला येतेसच, पण तोवर थांबू नकोस. उद्याच कुरिअर कर, आणि एक प्रत तुझ्या लॅपटॉपवर ठेव.

तुझे,
बाबा